पहिली क्रूझ: आधी बंदरांचं घड्याळ, मग जहाजावरचं बुकिंग

श्रोतेहो, नमस्कार.

क्रूझचं तिकीट निघालं की थोड्याच दिवसांत कंपनीच्या ॲपवर सूचनांची रांग लागते. स्पेशालिटी रेस्टॉरंटचं (वेगळे पैसे देऊन जेवायच्या खास रेस्टॉरंटचं) टेबल आत्ताच राखून ठेवा, ड्रिंक्स पॅकेजवर (पेयांचे एकरकमी पैसे आधीच भरण्याच्या योजनेवर) सवलत आहे, स्पाची वेळ घ्या, शोच्या जागा भरत आल्यात. पहिल्यांदा जाणारा माणूस धास्तावतो आणि एकेक करत सगळं बुक करून टाकतो. मग जहाजावर गेल्यावर लक्षात येतं, की जेवणाचं टेबल साडेपाचचं आहे आणि सहलीची बस बंदरात पोचणार पावणेसहाला. हा घोळ टाळायचा तर क्रम बदलायचा. आधी बंदरांचे दिवस पक्के करायचे, जहाजावरचं सगळं त्यात उरलेल्या जागेत बसवायचं.

एक मोठा कागद घ्या आणि प्रत्येक दिवसाला एक ओळ द्या. त्या ओळीत तारखेबरोबर वारही लिहा. वाराची गरज अशी, की फ्लॉरेन्सची उफित्सी गॅलरी सोमवारी बंद असते, पॅरिसचं लूव्र मंगळवारी, आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी उघडत नाहीत. जहाज काही तुमच्यासाठी वार बदलत नाही. वारापुढे जहाज येण्याची वेळ, सुटण्याची वेळ, आणि जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकून लहान बोटींनी, म्हणजे ‘टेंडर’ने, किनाऱ्यावर नेणार, हे लिहा.

आता बंदराचं नाव नीट वाचा. कार्यक्रमपत्रिकेवर ‘रोम’ छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला, रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लॉरेन्स ९० किलोमीटरच्या आसपास. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, अंतर जवळजवळ २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ लिहिलं असेल तर वार्नेम्युंडे, आणि तिथून बर्लिनला जायलाच तीनएक तास. व्हेनिसचा तर नियमच बदलला. ऑगस्ट २०२१पासून मोठ्या जहाजांना तिथल्या सान मार्को या मुख्य चौकासमोरून जाता येत नाही, त्यामुळे ‘व्हेनिस’च्या काही सफरी प्रत्यक्षात राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. ज्या बंदरापासून शहर तीन तास लांब आहे, तिथे शहराचा हट्ट सोडून बंदराच्या जवळपासचं काही पाहावं. सहा तास बसमध्ये आणि तीन तास शहरात, असा दिवस पहिल्या क्रूझला तरी नको.

एक दिवस सोबतच मांडून बघू. चिवितावेक्किया. जहाज सकाळी सातला येणार, संध्याकाळी सातला सुटणार. ऐकायला हे बारा तास वाटतात. पण सातला जहाज धक्क्याला लागतं. दोर बांधणं, गँगवे, म्हणजे उतरायचा जिना, लावणं, स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी यात पाऊण तास जातो. म्हणजे उतरणार पावणेआठला. बंदराच्या आत पायी फिरू देत नाहीत, शटल बसने फाटकापर्यंत यायचं, तिथून स्टेशन गाठायचं. साडेआठ-पावणेनऊ झाले. रिजनल ट्रेन रोमच्या सान पिएत्रो स्टेशनला साधारण तासाभरात पोचते, तिथून व्हॅटिकन संग्रहालयांच्या दारापर्यंत चालत अर्धा तास धरा. म्हणजे प्रवेशाची वेळ घ्यायची ती साडेदहाची किंवा अकराची. नऊची घेतली तर पैसे बुडालेच.

आता उलट बाजूने या. जहाज सातला सुटणार म्हणजे सर्वांनी आत येण्याची वेळ, ज्याला जहाजावर ‘ऑल अबोर्ड’ म्हणतात, ती साडेसहाची, कधी सहाचीही असते. स्वतःच्या जबाबदारीवर फिरताना ऑल अबोर्डच्या दीड ते दोन तास आधी बंदरात असावं. सहा धरा, वजा दीड तास, साडेचार. त्यासाठी रोमहून सव्वातीनच्या सुमाराची गाडी हवी, कारण ती चुकली किंवा रद्द झाली तरी पुढची हाताशी राहते. बारा तासांतून रोमला मिळाले जेमतेम साडेपाच तास. त्यात व्हॅटिकन होईल, किंवा कोलोसिअम आणि फोरम. दोन्ही आत जाऊन बघायचं म्हणाल तर धावाधाव, आणि त्यातलं धड काहीच बघून होत नाही. असंच गणित प्रत्येक बंदरासाठी कागदावर करा. दहा मिनिटांचं काम आहे.

हे गणित झालं की ठरतं, सहल जहाजाची घ्यायची की आपली आपण जायचं. जहाजाची सहल महाग असते, गट मोठा असतो, दुकानाशी एखादा थांबा हमखास असतो. पण तिची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, आणि थांबता आलंच नाही तर बहुतेक कंपन्या प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने पोचवतात. स्वतः गेलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही. पुढच्या बंदराचा खर्च त्याचा, व्हिसाची भानगडही त्याचीच. म्हणून साधा हिशेब: शहर तासाभराहून लांब असेल, वाहतूक बेभरवशाची असेल, किंवा जहाज टेंडरवर असेल, तर जहाजाची सहल. शहर धक्क्याला लागूनच असेल, तर सहलीवर पैसे घालवू नका. नेपल्सला तर धक्क्यावरून बाहेर आलं की शहरच, आणि तिथून पॉम्पेईला लोकल गाडीने चाळीसएक मिनिटं लागतात.

सहलींची वर्णनं वाचताना दोन-तीन शब्दांकडे लक्ष ठेवा. ‘पॅनोरॅमिक’ म्हटलं असेल तर बहुतेक सगळं बसच्या खिडकीतून दिसणार, उतरणं फारसं नाही. ‘ऑन युअर ओन’ म्हणजे फक्त ने-आण, गाइड नाही. चालण्याची पातळी ‘मॉडरेट’ लिहिली असेल तर दगडी रस्ते आणि पायऱ्या गृहीत धरा. बरोबर वयस्कर माणसं असतील तर हे आधीच बघायचं.

टेंडरचा दिवस वेगळाच असतो. ग्रीसचं सान्तोरिनी बेट घ्या. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जहाजाची सहल घेतलेले आधी उतरतात, बाकीच्यांना टेंडरचे नंबर मिळतात. गर्दीच्या वेळी एक-दीड तास जहाजावरच जातो. त्यानंतर वरच्या ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कारची रांग. एकाच दिवशी चार-पाच जहाजं आली असतील तर दुपारी परत खाली यायची रांग त्याहून मोठी. कोणत्या दिवशी किती जहाजं येणार हे बंदरांच्या वेळापत्रकात आधीच बघता येतं, तेही कागदावर लिहा. आणि टेंडरचं बंदर वारा किंवा लाटांमुळे सगळ्यात आधी रद्द होतं. जहाजाची सहल असेल तर पैसे आपोआप परत येतात. बाहेरच्या कंपनीकडे बुक करताना ‘जहाज आलंच नाही तर पूर्ण परतावा’ हे वाक्य अटींमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

वेळेबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी. जहाज अनेकदा स्वतःच्या वेळेवर चालतं, बंदराच्या नाही. मायामीहून उन्हाळ्यात सुटणारं जहाज मेक्सिकोतल्या कोझुमेलला जातं तेव्हा तिथली घड्याळं जहाजापेक्षा एक तास मागे असतात, कारण तिथे उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे करत नाहीत. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ धरतो. मोबाइलवर साडेतीन बघून निवांत बसलेल्या माणसाच्या जहाजावर साडेचार वाजलेले असतात. धक्क्यावरून पळत येणारी जी माणसं दिसतात, त्यातली काही अशीच फसलेली असतात. मनगटावर साधं घड्याळ घाला, ते जहाजाच्या वेळेला लावा, आणि बंदरात त्याला हात लावू नका. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत बंदरात जहाज कंपनीचं काम पाहणाऱ्या एजंटचं नाव आणि फोन नंबर असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

व्हिसाचं थोडक्यात. तुमचा पासपोर्ट कुठल्या देशाचा, त्यावर नियम ठरतात, पण पेच एकच असतो: जहाज हद्द ओलांडून परत येतं. ग्रीसहून तुर्कीतल्या कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीसला येणाऱ्या सफरीत शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, दुसऱ्यांदा प्रवेश होतो, त्याला मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे अनेकदा प्रवेशाचा व्हिसा लागतो. सिएटलहून अलास्काला जाणारी परदेशी ध्वजाची जहाजं कॅनडात एक थांबा घेतात, कारण १८८६चा अमेरिकन कायदा तसं करायला लावतो. तो थांबा रात्री तीन-चार तासांचा असला, तुम्ही उतरणार नसलात, तरी कॅनडाची कागदपत्रं लागतात की नाही हे विचारून घ्या. नाहीतर पहिल्याच धक्क्यावर अडवतात.

बंदरं कागदावर बसली. आता जहाज.

आधी रात्रीचं जेवण. मुख्य डायनिंग रूममध्ये ठरलेल्या वेळेचं टेबल घेतलंत तर पहिली पंगत साडेपाच-सहाची, दुसरी आठच्या सुमाराची. बंदरं जास्त असतील तर दुसरी किंवा मोकळ्या वेळेची सोय बरी. स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये दोन तास सहज जातात, म्हणून ते लांबच्या सहलीच्या दिवशी ठेवू नका, थकलेल्या माणसाला पाच पदार्थांचं जेवण शिक्षाच वाटते. पहिली रात्र त्यासाठी उत्तम. लोक अजून गोंधळलेले असतात, टेबलं रिकामी असतात, कधी सवलतही मिळते. आहाराचं पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर काही आठवडे आधी कंपनीला लेखी कळवा, आणि पहिल्या रात्री हेड वेटरला भेटा. बहुतेक जहाजांवर तो उद्याचा मेनू आदल्या रात्रीच दाखवतो आणि वेगळं काही करायचं असेल तर तेव्हाच लिहून घेतो.

शो. मोठ्या जहाजावर थिएटरमध्ये एका वेळी सगळे मावत नाहीत, म्हणून जागा राखाव्या लागतात. उघड्यावरचे पाण्यातले शो वाऱ्यामुळे रद्द होतात, तेव्हा ते सफरीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या, म्हणजे पुढे पुन्हा संधी राहते. शो भरला असला तरी निराश होऊ नका. सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी न आलेल्यांच्या जागा बाहेरच्या रांगेला देतात, आणि बहुधा बऱ्याच मिळतात.

स्पाचे भाव समुद्रातल्या दिवशी चढे असतात, बंदराच्या दिवशी उतरतात. एखादं बंदर आधी पाहिलेलं असेल तर तोच दिवस स्पाला द्या.

ड्रिंक्स पॅकेजबद्दल आमचं मत जरा कडक आहे. ते रोजच्या हिशेबाने, सगळ्या दिवसांसाठी घ्यावं लागतं, वर बहुधा १८ ते २० टक्के सेवाशुल्क, आणि अनेक कंपन्यांमध्ये केबिनमधल्या एका प्रौढाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. बंदराच्या दिवशी आठ-नऊ तास तुम्ही जहाजाबाहेर असता. सात दिवसांत पाच बंदरं असतील तर बहुतेकांचा तो तोट्याचाच सौदा ठरतो.

काय आधी घ्यायचं? ज्याच्या जागा मोजक्या आहेत ते: लहान गटाच्या सहली, गाजलेले शो, हवं असेल तर एखादं रेस्टॉरंट. सफरीआधीचा भाव सहसा जहाजावरच्या भावापेक्षा कमी असतो, आणि तो वरखाली होतो. उतरला तर जुनं रद्द करून नवं घेता येतं. मात्र नवा भाव आणि रिकामी जागा समोर दिसल्याशिवाय जुनं रद्द करू नका, आणि ऑनलाइन बुकिंग जहाज सुटण्याच्या दोन-चार दिवस आधी बंद होतं हे ध्यानात ठेवा.

चढण्याचा दिवस. विमानाने जाणार असाल तर आदल्या दिवशी पोचा. चेक-इन जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं, त्यानंतर रडूनही उपयोग नसतो. मोठी बॅग संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये येत नाही, म्हणून औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची कवायत, टाळता येत नाही. २०१२च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाजाच्या दुर्घटनेनंतर नियम कडक झाला, कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हायलाच हवी. आता बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ बघून आपल्या मस्टर स्टेशनवर कार्ड दाखवलं की झालं. चढल्याबरोबर उरका, मग राहिलेली बुकिंग करायला त्या त्या काउंटरवर जा. दुपारी तीननंतर रांगा वाढतात.

जहाजावरच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. त्यावर रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला उतरल्यानंतरही काही दिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्या. कंपनीकडून ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला जमा केलेली रक्कम, मिळालं असेल तर ते परत मिळण्याजोगं आहे का ते विचारा. परत मिळणार नसेल तर शेवटच्या संध्याकाळी संपवावं लागतं, नाहीतर बुडतं. बिल शेवटच्या सकाळपर्यंत लांबवू नका, दर दोन दिवसांनी ॲपवर बघा. न घेतलेल्या गोष्टीची नोंद त्याच दिवशी लगेच काढून मिळते, शेवटच्या सकाळी मात्र रिसेप्शनपुढे निम्मं जहाज उभं असतं.

आणि शेवटच्या रात्री. मोठ्या बॅगा दहा-अकराच्या आत टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे आणि चपला आधी बाहेर काढा. परतीचं विमान दुपारी बारानंतरचं असू द्या, आणि बंदर विमानतळापासून लांब असेल तर दोननंतरचं.