खपाचा फसवा आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

१९८३ साली अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमच्या धंद्याची उलाढाल सुमारे ३२० कोटी डॉलर होती. १९८५ साली ती १० कोटींच्या आसपास येऊन ठेपली. शंभर रुपयांचा धंदा दोन वर्षांत तीन रुपयांवर आला. आणि या काळात त्या देशातल्या मुलांनी खेळणं काही सोडलेलं नव्हतं.

मग हे झालं कसं? याचं एक सोपं उत्तर गेली चाळीस वर्षं सांगितलं जातं. अटारी कंपनीनं ‘ई.टी.’ नावाचा एक अतिशय वाईट खेळ काढला आणि त्या एका खेळानं सगळा धंदा बुडवला, असं ते उत्तर. मला ते पटत नाही. ते एका माणसावर अन्याय करतं आणि खरा दोष जिथं होता तिथून आपलं लक्ष हटवतं. म्हणून आज हा हिशेब जरा सावकाश मांडू या.

अटारी ही कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलची कंपनी. १९७२ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी काढलेली. १९७६ साली वॉर्नर कम्युनिकेशन्स या बड्या कंपनीनं ती २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी अटारीनं घरच्या टीव्हीला जोडायचं एक यंत्र बाजारात आणलं. पुढे ते ‘२६००’ या नावानं ओळखलं जाऊ लागलं. खेळ बदलायचा तर कार्ट्रिज बदलायचं. नव्वदच्या दशकात आपल्याकडची मुलं ज्याला गेमची कॅसेट म्हणायची, तीच ही वस्तू.

या यंत्राची स्मृती होती १२८ बाइट. १२८ केबी नव्हे, नुसते १२८ बाइट. तुम्ही मोबाइलवर पाठवता तो दोन ओळींचा मराठी निरोपसुद्धा तिच्यात मावला नसता. पडद्यावरचं पूर्ण चित्र साठवून ठेवायला जागाच नव्हती. त्यामुळे टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक रेघ ओढत खाली सरकत असताना, पुढच्या रेघेत काय दिसायला हवं हे प्रोग्रॅमला त्याच क्षणी यंत्राला सांगावं लागे. रेघ संपायच्या आत सांगून झालं नाही की चित्र बिघडलं. चार केबीच्या कार्ट्रिजमध्ये एकटा माणूस चित्र, आवाज, नियम, गुण सगळं बसवत असे. माझ्या लेखी ही फार वरच्या दर्जाची कारागिरी होती.

अटारीच्या वरच्या मजल्यावर मात्र या कारागिरीची किंमत कुणाला नव्हती. १९७८ साली कंपनीची सूत्रं रे कसार यांच्याकडे आली. ते कापड उद्योगातून आलेले, विक्रीत मुरलेले गृहस्थ. त्यांच्या काळात धंदा प्रचंड वाढला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. १९८० साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घरच्या यंत्रावर आला आणि केवळ तो खेळता यावा म्हणून लोकांनी यंत्रं विकत घेतली. पण खेळ ज्यांनी लिहिले त्यांची नावं डब्यावर छापायची नाहीत, खपातला वाटा द्यायचा नाही, ही कंपनीची रीत होती. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांच्या लक्षात आलं, की कंपनीच्या कार्ट्रिजच्या खपातला अर्ध्याहून अधिक खप आपल्या खेळांचा आहे. त्यांनी वाटा मागितला. कारखान्यात कार्ट्रिज जुळवणाऱ्या माणसाइतकंच तुमचं महत्त्व, असं उत्तर मिळाल्याचं क्रेन यांनी पुढे सांगितलं.

चौघं बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी जिम लेव्ही यांच्यासह ॲक्टिव्हिजन काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ करून विकणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. त्यांनी खेळ करणाऱ्याचं नाव आणि फोटो सोबतच्या पुस्तिकेत छापायला सुरुवात केली. अटारीनं दावा लावला. १९८२ साली तडजोड झाली, अटारीला द्यायचं स्वामित्वशुल्क ठरलं आणि अटारीच्या यंत्रासाठी कुणीही खेळ करावा ही वाट खुली झाली. त्याच वर्षी क्रेन यांचा ‘पिटफॉल’ आला आणि तो लाखोंनी खपला.

हे पाहून कोण कोण धावलं! ओट्स विकणारी क्वेकर कंपनी, कुत्र्यांचं खाद्य बनवणारी प्युरिना, सिनेमा कंपन्या, खेळणीवाले. हाताशी खेळ लिहिणारा अनुभवी माणूस नाही, तरी माल बाजारात. दुकानात एकाच आकाराचे शेकडो डबे, आणि आतला खेळ कसा आहे हे बाहेरून कळायची काही सोय नाही.

पण नुसत्या वाईट खेळांनी एवढा मोठा बाजार कोसळत नाही. वाईट सिनेमे दरवर्षी निघतात, म्हणून थिएटरं काही बंद पडत नाहीत. आता जी गोष्ट सांगणार आहे ती मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

१९८१ साली अटारीचा माल पुरत नव्हता. वितरकानं मागितलं त्यापेक्षा कमी पोचत असे. अशा वेळी माणूस काय करतो? रेशनच्या दुकानात माल कमी येणार हे कळलं की गरजेपेक्षा जास्तीचं नाव लावून ठेवतो. वितरकांनी तेच केलं. त्यात १९८१च्या ऑक्टोबरात अटारीनं त्यांना सांगितलं, की १९८२ या संपूर्ण वर्षाची मागणी आत्ताच नोंदवा. वितरकांनी हिशेब केला, मागू त्यापेक्षा कमीच मिळणार, तेव्हा भरपूर मागा. कंपनीनं ते आकडे पाहिले आणि तेवढे लोक खरोखरच खेळ घ्यायला बसले आहेत असं धरून कारखाने चालवले. त्या आकड्यामागे एकाही मुलाची इच्छा नव्हती. होती ती वितरकांची भीती, आणि ती आकड्यांत उतरल्यावर मागणीसारखी दिसत होती.

१९८२ साली मात्र माल पोचला. मागितला तेवढा, सगळा पोचला. शिवाय ॲक्टिव्हिजन, इमॅजिक, मॅटेल, कोलेको आणि नव्यानं आलेले सगळे यांचाही पोचला. शेल्फ भरली, गोदामं भरली आणि वितरकांनी मागण्या रद्द करायला सुरुवात केली.

‘पॅक-मॅन’चं उदाहरण घ्या. अटारीनं त्याची सुमारे १ कोटी २० लाख कार्ट्रिज बनवल्याचं सांगितलं जातं, आणि तेव्हा घराघरांत यंत्रं होती जेमतेम एक कोटीच्या आसपास. खेळासाठी लोक नवी यंत्रं घेतील, हा त्यामागचा होरा. चार केबीत कोंबलेल्या त्या खेळातली भुतं पडद्यावर लुकलुकत राहायची. तरीही सत्तर लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. कोणत्याही माणसानं हे यशच म्हटलं असतं. तरी लाखो प्रती पडून राहिल्या, कारण त्या मुळात कुणासाठीच बनवलेल्या नव्हत्या.

आणि मग ‘ई.टी.’. स्पीलबर्ग यांच्या त्या सिनेमाचे हक्क घ्यायला वॉर्नरनं दोन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजल्याचं तेव्हा छापून आलं. करार झाला जुलै १९८२च्या अखेरीस आणि माल नाताळला दुकानात हवा. कार्ट्रिज बनवायला लागणारे महिने वजा केले तर खेळ लिहायला उरले सुमारे पाच आठवडे. एरवी अशा कामाला पाच-सहा महिने लागत. हे काम हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना दिलं, ज्यांचा ‘यार्स रिव्हेंज’ हा खेळ त्या यंत्रावरच्या उत्तम खेळांत गणला जातो. त्यांनी पाच आठवड्यांत खेळ पुरा केला. खड्ड्यांत पुन्हा पुन्हा पडायला होणारा, खेळणाऱ्याला गोंधळात टाकणारा, हे खरंच. तरी त्याच्या सुमारे पंधरा लाख प्रती खपल्या. बनवल्या होत्या सुमारे चाळीस लाख. तारीख कुणी ठरवली? चाळीस लाखांचा आकडा कुणी ठरवला? वॉरशॉ यांनी नव्हे. पण जगातला सर्वांत वाईट खेळ लिहिणारा माणूस म्हणून नाव त्यांचंच झालं.

७ डिसेंबर १९८२ रोजी वॉर्नरनं जाहीर केलं, की अटारीच्या विक्रीतली वर्षाची वाढ ५० टक्क्यांऐवजी १०-१५ टक्केच राहील. वाढ थांबलेली नव्हती, नुसती कमी झाली होती. पण वॉर्नरच्या नफ्यातला निम्म्याहून मोठा वाटा अटारीचा होता, त्यामुळे वॉर्नरच्या शेअरची किंमत दुसऱ्या दिवशी सुमारे एक तृतीयांशानं घसरली. या घोषणेच्या थोडाच वेळ आधी कसार यांनी आपले काही शेअर विकले होते. त्याची चौकशी झाली. त्यांनी दोष मान्य न करता झालेला नफा परत केला आणि १९८३च्या जुलैत ते अटारीतून बाहेर पडले.

नाताळनंतर दुकानदारांनी न खपलेला माल परत घ्या म्हणून कंपन्यांकडे लकडा लावला. नव्या कंपन्यांकडे परत द्यायला पैसेच नव्हते, अनेकांनी गाशा गुंडाळला. मग तीस-पस्तीस डॉलरचं कार्ट्रिज पाच डॉलरच्या टोपलीत पडलं. आता पस्तीस डॉलरचा नवा चांगला खेळ कोण घेणार? मुलाला एक खेळ हवा, टोपलीत एक पाच डॉलरना मिळतो, बापानं तो घेतला. घरी आणल्यावर खेळ टाकाऊ निघाला की पुढच्या वेळी तो पाच डॉलरही देत नसे. चांगलं काम करणारेही त्यात भरडले गेले.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनं घरगुती कॉम्प्युटरची लढाई पेटली होती. कमोडोर कंपनीचे जॅक ट्रॅमिएल हे पोलंडच्या ऊच शहरात जन्मलेले, आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेले गृहस्थ. सत्तरच्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं कॅल्क्युलेटरच्या भावयुद्धात त्यांना जवळजवळ संपवलं होतं. ती जखम त्यांनी लक्षात ठेवली आणि चिप बनवणारा कारखानाच विकत घेतला. ऑगस्ट १९८२मध्ये ५९५ डॉलरना आलेला कमोडोर ६४ वर्षभरात दोनशेच्या घरात आला. कुठलंही जुनं गेमचं यंत्र किंवा कॉम्प्युटर आणून द्या, शंभर डॉलर परत घ्या, अशीही योजना त्यांनी काढली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा कॉम्प्युटर शंभर डॉलरच्या खाली विकला जाऊ लागला, म्हणजे प्रत्येक विक्रीवर तोटा. १९८३च्या ऑक्टोबरात ती कंपनी या धंद्यातून बाहेर पडली. आणि आईबापांपुढे प्रश्न असा, की नुसतं खेळायचं यंत्र घ्यावं, की जवळपास त्याच पैशांत खेळही आणि अभ्यासही होणारा कॉम्प्युटर? मुलं गेली ती तिकडे. खेळणारे घटले नव्हते, ते दुसऱ्या यंत्रासमोर बसले होते.

यात सर्वांत जास्त सोसलं ते कामगारांनी. १९८३च्या सुरुवातीला अटारीनं उत्पादन हाँगकाँग आणि तैवानला हलवून कॅलिफोर्नियातल्या सतराशे जणांना कामावरून कमी करण्याचं जाहीर केलं. त्या वर्षी कंपनीला ५० कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. सप्टेंबरात न खपलेल्या मालाचे ट्रक टेक्सासमधल्या एल पासोहून निघाले आणि न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या कचरा डेपोत तो माल पुरला गेला. २०१४च्या एप्रिलमध्ये तिथं खोदकाम झालं तेव्हा ‘ई.टी.’ निघालाच, पण त्याच्या जोडीला अनेक खेळ निघाले, त्यांत नावाजलेले आणि उत्तम खपलेलेही होते. वॉरशॉ यांचा ‘यार्स रिव्हेंज’सुद्धा होता. वाईट खेळानं धंदा बुडवला म्हणणाऱ्यांनी ती यादी जरूर पाहावी. १९८४च्या जुलैत वॉर्नरनं अटारीचा घरगुती विभाग विकला. घेणारे होते तेच जॅक ट्रॅमिएल, तोवर कमोडोर सोडून बाहेर पडलेले.

ही मंदी अमेरिकेची होती. युरोपातली मुलं टेपवरून खेळ चढवत कॉम्प्युटरवर मजेत खेळत होती. जपानात १९८३च्या जुलैत निन्टेंडोचा फॅमिकॉम आला. तोच १९८५ साली अमेरिकेत नेताना निन्टेंडोनं त्याचं रूप पालटलं, सोबत एक यंत्रमानव दिला आणि गेम हा शब्द शक्य तिथं टाळला, कारण दुकानदार तो शब्द ऐकायला तयार नव्हते. न खपलेला माल परत घेण्याची हमीही दिली. आणि यंत्रात एक कुलपाची चिप बसवली. निन्टेंडोच्या परवानगीशिवाय बनलेलं कार्ट्रिज चालणारच नाही, आणि बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच खेळ. बाजार सावरला. पण काय विकलं जाईल हे ठरवण्याची सगळी सत्ता एका कंपनीच्या हाती गेली, आणि गेमच्या यंत्रांच्या धंद्यात ती रीत आजही चालू आहे. दुकानदाराचा धोका निन्टेंडोनं ओळखला हे मला मोठं वाटतं. बाकीच्या अटी मला जाचक वाटतात.

जपानी फॅमिकॉममध्ये ते कुलूप नव्हतं. त्यामुळे त्याच्या हुबेहूब नकला करणं सोपं गेलं, आणि नव्वदच्या दशकात टीव्ही गेम म्हणून महाराष्ट्रातल्या घराघरांत आलेली यंत्रं बहुतेक याच नकला होत्या. एकाच कॅसेटमध्ये डझनावारी खेळ भरलेले, परवानगी कुणाचीच घेतलेली नाही. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीनं खेळले ते असे. ज्यांनी तेव्हा मारिओ खेळला असेल त्यांना आज मुद्दाम सांगतो, तो खेळ शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचला, आणि त्याचं संगीत कोजी कोंडो यांचं. त्या कॅसेटवर ही नावं छापलेली नव्हती.

नमस्कार.