मार्चमधला पैसा
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जर्सी सिटीला ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना तिथल्या इंडिया स्क्वेअरबद्दल सांगायला नको. डोसा, मिठाई, दिवाळीची खरेदी, सगळं तिथं. त्याच गावात सेंट पीटर्स नावाचं एक छोटं जेझुइट विद्यापीठ आहे. मार्च २०२२ पर्यंत गावाबाहेर त्याचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं. मग १७ मार्चला त्यांच्या बास्केटबॉल संघानं केंटकीला हरवलं, ओव्हरटाइममध्ये, ८५-७९. केंटकी म्हणजे या खेळातलं खानदानी घराणं. त्यानंतर मरे स्टेट, मग पर्ड्यू. पंधरावं मानांकन (सोळांपैकी, म्हणजे जवळपास तळाचं) असलेला संघ शेवटच्या आठांत त्याआधी कधीच पोचला नव्हता, हा पोचला. तिथं नॉर्थ कॅरोलायनानं त्यांना ६९-४९ असं धुतलं आणि पोरं घरी परतली.

आता पैशाकडे वळू, म्हणजे त्यातला खेळाडूंपर्यंत किती पोचतो याकडे. या स्पर्धेला मार्च मॅडनेस म्हणतात. ६८ संघ, हरला की बाहेर. ती भरवते एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची शिखर संघटना. टीव्हीचे हक्क सीबीएस आणि टर्नरकडे. २०१६ मध्ये हा करार २०३२ पर्यंत वाढवला, तेव्हा त्या वाढीव आठ वर्षांसाठी ८.८ अब्ज डॉलर ठरले. एनसीएएच्या तिजोरीत जे येतं त्यातलं बहुतेक या तीन आठवड्यांच्या स्पर्धेतून येतं. फुटबॉलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं, तसं नाही. त्यात पैसा याहून मोठा, पण त्याची अंतिम स्पर्धा कॉन्फरन्सनी, म्हणजे कॉलेजांच्या गटांनी, स्वतःच्या हातात ठेवली आहे. तो पैसा एनसीएएकडे जातच नाही. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागेल.

मार्चमधला पैसा वाटायची जी पद्धत आहे, तिच्यात ‘युनिट’ नावाचा हिशेब असतो. अंतिम सामना सोडला तर संघ जितके सामने खेळेल तितकी युनिटं. एका युनिटचे पैसे सहा वर्षं हप्त्यानं येत राहतात, सगळे मिळून साधारण २० लाख डॉलर. सेंट पीटर्स चार सामने खेळलं, म्हणजे चार युनिटं, म्हणजे सुमारे ८० लाख डॉलर. हा पैसा थेट कॉलेजला नव्हे, त्याच्या कॉन्फरन्सला मिळतो. त्या कॉन्फरन्समध्ये तेव्हा अकरा कॉलेजं होती. ८० लाख म्हणजे किती? हरलेल्या केंटकीचे कोच जॉन कॅलिपारी यांचा त्या सुमाराचा वर्षाचा पगार जवळपास तेवढाच होता.

आणि मैदानावर उतरलेल्या मुलांना काय? स्कॉलरशिप होती, राहणं-खाणं होतं. डग एडर्ट नावाच्या मिशीवाल्या पोराला चिकन विंग्ज विकणाऱ्या एका साखळीनं जाहिरात दिली, तीही आदल्या जुलैत नियम बदलून खेळाडूंना जाहिराती घ्यायची मुभा मिळाली होती म्हणून. कोच शहीन हॉलोवे काही दिवसांतच सीटन हॉलला मोठ्या नोकरीवर गेले. संघ पांगला. हप्ते मात्र चालू राहिले.

‘शिक्षण फुकट मिळतंय, आणखी काय हवं?’ हा प्रश्न मला दरवेळी येतो, आणि तो पोकळ नाही. इथं बसलेल्यांपैकी ज्यांनी अमेरिकेतली फी डॉलरमध्ये भरली आहे त्यांना विचारा. पण मुद्दा स्कॉलरशिप लहान की मोठी हा नाही. सगळ्या कॉलेजांनी एकत्र बसून ठरवलं होतं की यापेक्षा जास्त कुणी द्यायचंच नाही, हा मुद्दा आहे. साखर कारखान्यांनी एकत्र येऊन उसाचा भाव बांधला आणि वर म्हणाले की आमचा सगळा कारभार शेतीच्या प्रेमापोटी चालतो, तर कोल्हापुरात काय होईल? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२१ मध्ये एनसीएएविरुद्धच्या ऑल्स्टन खटल्यात खेळाडूंच्या बाजूनं नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला, तो शिक्षणाशी जोडलेल्या सवलतींपुरता होता. पण न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी वेगळं मत जोडून सरळच लिहिलं की दुसऱ्या कुठल्याही धंद्यात हे खपवून घेतलं नसतं.

इथवर पोचायला सुरुवात झाली ती एड ओबॅननपासून. १९९५ साली यूसीएलएनं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं, त्या संघाचा हा हिरो. चौदा वर्षांनी तो लास व्हेगासजवळ मोटारी विकत होता. एका मित्राच्या घरी व्हिडिओ गेम चालू होता. पडद्यावर यूसीएलएचा जुना संघ, आणि त्यात एक डावखुरा, टक्कल केलेला खेळाडू, नंबर ३१. नाव तेवढं नव्हतं. बाकी सगळा तोच. गेमची किंमत मोजली होती मित्रानं, पैसे गेले होते कंपनीला आणि कॉलेजवाल्यांना. २००९ मध्ये ओबॅनननं आपली छबी फुकट वापरल्याबद्दल एनसीएएवर दावा लावला आणि २०१४ मध्ये ओकलंडच्या न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी कनेक्टिकटचा शबाझ नेपियर, स्पर्धा गाजवत असताना, पत्रकारांना म्हणाला की काही रात्री मी उपाशी झोपतो. महिन्याभरात जेवणाचे नियम बदलले. भूक टीव्हीवर दिसली की नियम बदलायला वेळ लागत नाही.

ऑल्स्टन खटलाही आधी विल्कन यांच्याकडेच चालला होता. ज्या तडजोडीबद्दल आज बोलायचं आहे तीही त्यांनीच मंजूर केली, ६ जून २०२५ रोजी. एनसीएएविरुद्धचा हा दावा ग्रँट हाउस या जलतरणपटूचा आणि सेडोना प्रिन्स या बास्केटबॉलपटूचा. २०२१ मध्ये महिलांच्या स्पर्धेत व्यायामाची जागा म्हणून डंबेल्सचा एक बारका रॅक ठेवला होता. त्याचा व्हिडिओ काढून जगाला दाखवणारी ती हीच. तडजोडीचे दोन भाग आहेत. १ जुलै २०२५ पासून कॉलेज आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी कमाल २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळांचे मिळून. हा आकडा मोठ्या कॉन्फरन्समधल्या कॉलेजांच्या सरासरी उत्पन्नाच्या २२ टक्के धरून काढला आहे. दुसरा भाग थकबाकीचा: जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर.

या थकबाकीतला साधारण ७५ टक्के वाटा फुटबॉलला जातो, १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के महिलांच्या बास्केटबॉलला, उरलेले ५ बाकी सगळ्यांना. चालू वर्षाचे पैसे वाटतानाही अनेक मोठ्या कॉलेजांनी हाच साचा समोर ठेवला. आता मघाचं आठवा. ही थकबाकी भरायची कुठून? मोठा भाग एनसीएए कॉलेजांना दरवर्षी जे वाटते त्यात कपात करून. आणि एनसीएए वाटते ते बहुतांशी मार्चचं. म्हणजे सेंट पीटर्ससारख्यांनी बास्केटबॉल खेळून मिळवलेल्या पैशातून फुटबॉलवाल्यांची थकबाकी फिटायची आहे. सेंट पीटर्सकडे फुटबॉलचा संघसुद्धा नाही! छोट्या कॉन्फरन्सनी याविरुद्ध आरडाओरडा केला. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही.

फुटबॉलवाले म्हणतात, मोठ्या कॉलेजांत तिकिटं आणि टीव्ही आमच्यामुळे चालतात, मग वाटाही आमचाच मोठा. कॉलेजपुरतं ते खरं आहे. पण एनसीएएच्या तिजोरीपुरतं खरं नाही, आणि या तडजोडीनं दोन्ही तिजोऱ्या एकाच तराजूत घातल्या. गंमत म्हणजे फायदा झाला तो बिग ईस्टसारख्या बास्केटबॉलप्रधान कॉन्फरन्सचा. तिथल्या बहुतेक कॉलेजांना फुटबॉलचा मोठा संघ पोसायचा नसतो, त्यामुळे वाटायचा पैसा बास्केटबॉलवर ओतता येतो.

महिलांचं गणित तर अजून बसलेलंच नाही. २०२४ मध्ये महिलांचा अंतिम सामना सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. महिला बास्केटबॉलची तारका केटलिन क्लार्क हिचं ते वर्ष. तरी महिलांच्या स्पर्धेला युनिटं मिळायला २०२५ उजाडलं. त्या आधी कितीही सामने जिंका, कॉन्फरन्सला शून्य. थकबाकीच्या वाटपावर काही महिला खेळाडूंनी टायटल नाइन या १९७२ च्या समानतेच्या कायद्याच्या आधारे लगेच अपील केलं, आणि मंजूर झालेली थकबाकी तिथंच अडकली.

आपल्या घरांशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. एफ-वन व्हिसा म्हणजे काय ते इथं निम्म्या लोकांना पाठ आहे: सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास, बाहेरच्या कामाला कडक नियम. परदेशी बास्केटबॉलपटूही याच व्हिसावर असतात. केंटकीचा काँगोहून आलेला ऑस्कर शिब्वे २०२२ मध्ये संघाबरोबर बहामाजला गेला, तेव्हा त्यानं जाहिरातींची कामं तिथं उरकून घेतली, कारण अमेरिकेच्या भूमीवर ती करणं धोक्याचं होतं. आता कॉलेजच पैसे देतं म्हटल्यावर ते काम की स्कॉलरशिप, हा प्रश्न व्हिसापाशी येऊन थांबतो. कॉलेजं म्हणतात, हे खेळाडू आमचे कर्मचारी नाहीत.

माझी खरी तक्रार इथंच आहे. एनबीएमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, बास्केटबॉलच्या उत्पन्नातला सुमारे निम्मा भाग खेळाडूंना जातो, आणि तो त्यांच्या युनियननं मालकांशी भांडून मिळवला आहे. कॉलेजात २२ टक्के ठरले ते वकिलांच्या टेबलावर. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघानं मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन करायचं ठरवलं होतं, पण वर्षाच्या शेवटी अर्ज मागे घेतला. अशा अर्जांचा निर्णय करणाऱ्या सरकारी कामगार मंडळात राजकीय वारं फिरणार हे दिसत होतं. ‘आमचे खेळ तोट्यात आहेत’ हे कॉलेजांचं म्हणणं बऱ्याच ठिकाणी खरंही आहे, तूट विद्यार्थ्यांच्या फीमधून भरली जाते. तुमच्या मुलाच्या बिलात ॲथलेटिक फी असेल तर ती तीच. पण ज्या खात्यात कोचला ८० लाखांचा पगार देता येतो, तिथला तोटा मला जरा जपूनच ऐकावासा वाटतो.

युनियन होईपर्यंत एक साधी गोष्ट करता येईल. युनिटचा चौथा हिस्सा थेट त्या वर्षीच्या संघाच्या नावावर टाका. सेंट पीटर्सचा हिशेब मांडून बघा: ८० लाखांतले २० लाख, पंधरा खेळाडूंत वाटले तर प्रत्येकी सुमारे १ लाख ३३ हजार, तेही सहा वर्षांच्या हप्त्यांत, म्हणजे वर्षाला साधारण २२ हजार डॉलर. संघ पांगला, कुणी दुसऱ्या कॉलेजात गेला, कुणी खेळ सोडून नोकरीला लागला, तरी हप्ता त्याच्या खात्यात. कॉन्फरन्सला युनिटांचे पैसे सहा वर्षं पोचवता येतात, तर पंधरा जणांचे पत्ते सांभाळणं काही अवघड नाही. कॉन्फरन्स म्हणतील, हरलेल्या दहा कॉलेजांचा वाटा कमी होईल. हो, होईल. तीन चतुर्थांश तरीही त्यांच्याकडेच राहतो.