प्रशिक्षकांनी एकमेकांचं काम पाहावं
(जळगाव येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विज्ञान लोकांपर्यंत नेणारी माणसं खान्देशात भरपूर आहेत. यावल-रावेरच्या केळीबागांत कृषी विज्ञान केंद्रांचे तज्ज्ञ बोलतात, शाळाशाळांतून शिक्षक प्रयोग दाखवतात, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी जातात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आशाताई चढून जातात. या सगळ्यांना तयार कोण करतं? तुम्ही. आज इथे बसलेले प्रशिक्षक. आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी दुसऱ्या प्रशिक्षकाचं सत्र मागे बसून कधी पाहिलेलं नाही. मला आज तेवढंच बोलायचं आहे.

सिकलसेलचं उदाहरण घ्या, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. आईवडील दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचा जनुक बाळगून असतील, तर दर गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. प्रशिक्षणात हे फळ्यावर चार चौकोन काढून सांगतात: एक आजारी, दोन वाहक, एक निरोगी. आशाताई तेच चित्र पाड्यावर काढते आणि समोरची आई हिशोब लावते, ‘माझं पहिलं आजारी निघालं, म्हणजे पुढची तिघं सुटली.’ चार चौकोन पाहिले की चार मुलंच डोळ्यांसमोर येणार, त्यात तिचं काय चुकलं?

नंदुरबारकडच्या एका प्रशिक्षक ताईंनी फळा बाजूला ठेवला आणि बायकांच्या जोड्या लावून प्रत्येकीच्या हातात एकेक नाणं दिलं. एक आई, दुसरी बाप. छापा म्हणजे सिकलसेलचा जनुक. दोन्ही छापे पडले तर बाळ आजारी. उडवा, पुन्हा उडवा. एका जोडीला लागोपाठ दोनदा छापा-छापा आलं, दुसरीला कितीदा उडवलं तरी येईना. ‘मागं काय पडलं ते नाण्याला कुठं ठाऊक?’ असं एक आशाताईच म्हणाली. लगेच दुसरीने विचारलं, ‘मग लग्नाआधीच दोघांचं रक्त तपासलं तर?’ सगळं प्रशिक्षण ज्या प्रश्नासाठी होतं, तो तिच्या तोंडून आला.

आता ही युक्ती आहे कुठे? त्या ताईंपाशी. उद्या त्यांची बदली झाली की तीही गेली.

तिकडे रावेरला केळीच्या हरण्या रोगावर बोलणाऱ्यांची अडचण याच जातीची. रोग विषाणूचा, तो पसरवतो मावा. विषाणू मारणारं औषध नाही, असं सुरुवातीलाच सांगितलं की शेतकरी ‘इलाजच नाही’ असं समजून उठतो. खरं तर रोगट झाडं दिसताच उपटून नष्ट करणं, बागेत-बांधावर काकडीवर्गीय पिकं न घेणं, हे त्याच्या हातात असतं. आधी काय सांगायचं आणि नंतर काय, हा नंदुरबारचाही प्रश्न आणि रावेरचाही. पण ही दोन माणसं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, कारण एक आरोग्य खात्याचं आणि दुसरं शेतीचं.

वकील समव्यवसायिकांच्या देखत उभा राहतो. डॉक्टर अवघड केस दुसऱ्याला दाखवतो. आपण दार लावून शिकवतो आणि अभिप्रायाचे फॉर्म गोळा करतो. सत्र आवडलं की नाही, एवढंच त्या फॉर्मवरून कळतं. तीन महिन्यांनी ती आशाताई पाड्यावर काय सांगते, हे कळायला कुणीतरी तिच्याबरोबर पाड्यावर जायला हवं.

मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे, लोकविज्ञान संघटना १९८० पासून. त्यांचं ऋण मोठं आहे. पण विज्ञान सांगणं आणि विज्ञान सांगणाऱ्याला घडवणं ही दोन वेगळी कसबं आहेत, आणि दुसऱ्या कसबाची माणसं आपल्याकडे विखुरलेली आहेत.

त्यांना एकत्र आणायचं तर खर्चाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा, म्हणजे ग्रंथाला तेव्हा अर्धशतक उलटून गेलं होतं. तो शिकवणारे तयार होत राहावेत म्हणून निकुंभ घराण्यातल्या राजांनी दान दिलं. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे, त्यात घाण्यामागे पळीभर तेल मठाला देण्याचीही नोंद आहे. मला ही पळी फार मोलाची वाटते. शिकवणाऱ्यांचा खर्च तिथे गावच्या रोजच्या व्यवहारातून निघत होता.

आपल्याला मात्र शाल-श्रीफळावर बोलावलं जातं. तयारीच्या दिवसाचे पैसे मागायला संकोच वाटतो, कारण मागणारा एकटा असतो. दर सगळ्यांनी मिळून ठरवला तर तो संकोच राहत नाही. आणि अहिराणीत किंवा पावरा आदिवासींच्या पावरी बोलीत शिकवणाऱ्यांना दुभाषे समजून कमी मानधन देतात, ते आधी बंद व्हायला हवं. सगळ्यात अवघड काम तेच करतात.

तर कपाशीवरच्या बोंडअळीच्या प्रशिक्षणांची घाई सुरू होण्याआधी जळगावात एक दिवस बसू. भाषणं नकोत. प्रत्येकाने आपलं एक फसलेलं सत्र आणायचं, वीस मिनिटांत ते बाकीच्यांसमोर जसंच्या तसं घ्यायचं, मग बाकीच्यांनी बोलायचं. धडगाव-अक्कलकुव्याहून येणाऱ्यांच्या गाडीभाड्याची आणि मुक्कामाची सोय आधी करू, तारीख त्यांना विचारून ठरवू.