पत्र्याखालचे अंश

[दृश्य : वस्तीची छपरं, वरून. सकाळचं ऊन.]

वरून पाहिलं की आधी दिसतो तो पत्रा. छपराला छप्पर चिकटलेलं, आणि घरात न मावणारं सगळं छपरावर : जुने टायर, विटा, मोडका कूलर, गोणपाटं. टायर आणि विटा मात्र तिथे कामासाठी आहेत. वावटळीत पत्रा उचलला जाऊ नये म्हणून ते वजन. आज हे सगळं खाली उतरणार आहे, कारण पत्रा पांढरा करायचा आहे.

ही अहमदाबादची वणझारा वास वस्ती. साधारण दोन हजार घरं, बहुतेक एका खोलीची. २०२५च्या सुरुवातीला इथे एक प्रयोग सुरू झाला. जर्मनीतलं हायडेलबर्ग विद्यापीठ आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ यांचे संशोधक तो करतात. वस्तीतली सुमारे ४०० घरं त्यात आहेत. हाच प्रयोग बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू, मेक्सिकोतला सोनोरा आणि प्रशांत महासागरातलं निउए बेट इथेही होतो आहे. पांढऱ्या छपराखाली खोली थोडी निवते, हे जुनंच ज्ञान. त्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या शरीरात काही फरक पडतो का, हे इथे तपासायचं आहे.

[दृश्य : शिडी. पाय पत्र्यावर पडतो.]

पाय कुठे पडतो आहे ते बघा. बोल्टांची रांग जिथे दिसते, तिथेच. त्या रांगेखाली वासा किंवा लोखंडी पाइप असतो. दोन रांगांच्या मधे पाऊल टाकलं तर जुना पत्रा वाकतो, वाकला की बोल्टाचं भोक मोठं होतं, आणि पावसाळ्यात तिथूनच गळती लागते. सिमेंटचा पत्रा तर सरळ फुटतो आणि माणूस खाली जातो. त्यावर आडवी फळी टाकल्याशिवाय चढू नये. शिवाय जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतू, असतं. तो कोरडा घासायचा नाही. पाणी मारून, मऊ झाडूनेच साफ करायचा.

लोखंडी पत्र्याला तारेचा ब्रश चालतो. आधी कोरडा झाडू, मग गंजाच्या पापुद्र्यांवर ब्रश, मग पाणी. पाणी जपून, कारण खाली कुणाचं तरी अंथरूण आहे. गंजलेल्या जागी प्राइमर, बोल्टांच्या सैल वायसरांभोवती सीलंट. हे आधीचं काम रंगवण्यापेक्षा जास्त वेळ खातं. इथे घाई केली की रंग गंजाला चिकटतो, पत्र्याला नाही. पहिल्या पावसात गंजाचा पापुद्रा रंगासकट निघून येतो.

[दृश्य : डबा उघडतो. रोलर बुडतो.]

छपराच्या या पांढऱ्या लेपात टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी आहे. साध्या पांढऱ्या ऑइलपेंटमध्येही हीच भुकटी असते. फरक पडतो तो तिचं प्रमाण, तिला धरून ठेवणारा चिकट भाग आणि थराची जाडी यांनी. सूर्याच्या ऊर्जेतली जवळजवळ अर्धी अवरक्त किरणांतून येते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे छप्पर ‘पांढरं दिसतं’ एवढ्यावर भागत नाही; न दिसणारे किरणही परतवले पाहिजेत. आणखी एक गुण लागतो : तापलेल्या पृष्ठभागाने आपली उष्णता आकाशाकडे फेकून दिली पाहिजे. नवा चकचकीत जस्ती पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण स्वतःतली उष्णता सोडायला फार कंजूष. म्हणून चमकणारा पत्राही दुपारी हात लावू देत नाही. लेप दिलेला पत्रा दोन्ही कामं करतो.

हिशेब करून बघू. दहा बाय बारा फुटांची खोली, म्हणजे ११ चौरस मीटर छप्पर. अहमदाबाद कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला असल्यामुळे मेअखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा दर चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. एका खोलीच्या छपरावर ११ किलोवॉट. दोन किलोवॉटचे साडेपाच गीझर एकदम चालू केल्यासारखं. गंजून काळवंडलेला पत्रा यातला पाऊण भाग सहज पितो. ताजा पांढरा लेप पाचवा भाग. पिलेलं सगळं खाली उतरतं असं नाही, बरंचसं वारा वरून घेऊन जातो. तरी मेच्या दुपारी पत्रा साठ अंशांच्या पुढे जातोच, आणि तो डोक्यापासून हातभर अंतरावर असतो.

रोलर आता पत्र्याच्या नाल्यांच्या दिशेने फिरतो आहे. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर. वेळ सकाळची किंवा उन्हं उतरल्यावरची. भर दुपारी तापल्या पत्र्यावर रंग लावला तर वरची साय लगेच धरते, खाली ओल अडकते आणि फोड येतात. रंगही डब्यावरच्या हिशेबापेक्षा जास्त लागतो. नालीदार पत्रा उलगडून सपाट केला तर दहा-पंधरा टक्के मोठा भरेल; खोलीच्या मापाने रंग आणणाऱ्याला शेवटच्या पत्र्याला डबा खरवडावा लागतो.

चुना का नको, हा प्रश्न वस्तीत हमखास येतो. उत्तर : चालतो, स्वस्त पडतो, स्लॅबवर तर चांगलाच. अहमदाबाद महापालिकेने २०१७ मध्ये ३,००० गरीब घरांवर पांढऱ्या छपराचा उपक्रम केला, तो चुन्यावरच. पण चुना रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात डिंक किंवा फेविकॉल घालावा लागतो, नाहीतर हाताला येतो. भिंतीच्या सफेदीत काही जण मीठ टाकतात; पत्र्यावर मीठ म्हणजे गंजाला निमंत्रण. गुळगुळीत जस्ती पत्रा तर चुना धरतच नाही. आणि कितीही जपलं तरी पावसाळ्यानंतर पुन्हा शिडी लावावीच लागते.

[दृश्य : घराच्या आत. छताला टांगलेलं आगपेटीएवढं यंत्र.]

हा लॉगर. तापमान आणि आर्द्रता टिपतो. दर १५ मिनिटांनी एक नोंद ठेवली तर दिवसाला ९६, वर्षाला ३५,०४०. यंत्र साधं आहे, अवघड आहे ते त्याची जागा ठरवणं. पत्र्याला चिकटवलं तर ते पत्र्याचं तापमान सांगणार. चुलीजवळ टांगलं तर स्वयंपाकाचं. फ्रिजच्या मागे गरम हवा, दारात बाहेरची हवा, पंख्याखाली आणखी तिसरंच. खोलीच्या मध्याकडे, झोपणाऱ्या-बसणाऱ्या माणसाच्या आसपासच्या उंचीवर, पण पोरांचा हात पोचणार नाही अशी जागा हवी. दहा बाय बारात अशी जागा शोधून दाखवा!

बसवण्याआधी सगळे लॉगर एका बंद खोलीत एकाच टेबलावर दिवसभर ठेवतात. दोन यंत्रांत अर्ध्या अंशाचा फरक निघाला तर तो लिहून ठेवून नंतर वजा करायचा. इथे शोधायचा फरकच अंश-दीड अंशाचा आहे, त्यामुळे हे टाळलं तर पुढचं सगळं वाया. मग वर्षभर इतर भानगडी. बॅटरी संपते. दिवाळीच्या साफसफाईत लॉगर कपाटात जातो आणि तीन आठवडे कपाटाचं तापमान लिहीत बसतो. आलेख एकदम सपाट झाला की ओळखायचं, यंत्र खोलीत नाही.

[दृश्य : तिपाईवर काळा गोळा.]

हा काळा गोळा म्हणजे १५ सेंटीमीटर व्यासाचा, आतून पोकळ, वरून मंद काळा रंग दिलेला तांब्याचा चेंडू. मधोमध तापमापक. हवेचा तापमापक तापल्या पत्र्याची झळ दाखवत नाही, हा दाखवतो. स्थिर व्हायला त्याला २०-२५ मिनिटं लागतात, तोवर वाचायचा नाही. घरात, ऊन नसताना, टोकाला ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाचे ७० टक्के आणि या गोळ्याचे ३० टक्के अशी बेरीज करतात. उष्णतेचा शरीरावर किती ताण येतो, त्याचा तो आकडा. ओल्या फडक्याला एवढं वजन, कारण माणूस घामावर जगतो आणि घाम वाळला तरच उपयोगाचा.

[दृश्य : विमानतळाजवळचं मोकळं मैदान. मग पुन्हा गल्ली.]

बातम्यांत सांगतात ते शहराचं तापमान कुठलं? हवामान खात्याच्या पद्धतीत तापमापक सावलीत असतो. फटींच्या भिंतींची पांढरी पेटी, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढी उंच, चोहोबाजूंनी मोकळी हवा. मोजणी म्हणून ती बिनचूक आहे. जगभर तशीच करतात, म्हणून तर दोन शहरांची तुलना होते. पण त्या पेटीत कुणी राहत नाही. तिच्यातले ४३ आणि पत्र्याखालचे ४३ एकसारखे नाहीत, आणि उष्णतेचे इशारे मात्र पेटीवरून निघतात.

शहरपातळीवरचे असे इशारे आपल्याकडे याच शहरात सुरू झाले. मे २०१० मध्ये इथे पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर महापालिकेच्या मृत्युनोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. शहरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात वरच्या मजल्यावरच्या नवजात बालकांची नोंद निघाली : ४२ अंशांच्या वर दर अंशामागे उष्णतेने दाखल होणारी बाळं ४३ टक्क्यांनी वाढली होती. कक्ष खालच्या मजल्यावर आणल्यावर त्यांना संरक्षण मिळालं. २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. ४१.१ला पिवळा इशारा, ४३.१ला केशरी, ४५ला लाल. त्यातून वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१६ मध्ये नागपूरनेही असा आराखडा केला.

[दृश्य : मनगटावरचं घड्याळ. मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश.]

हे घड्याळ प्रयोगातल्या रहिवाशांना दिलं आहे. नाडी आणि झोप टिपण्यासाठी. उकाड्यात शरीर रक्त कातडीकडे वळवतं, आतली उष्णता बाहेर टाकायला. त्यासाठी हृदयाला जादा ठोके द्यावे लागतात, माणूस नुसता पडून असला तरी. म्हणून झोपेतली नाडी मोलाची. तिथे कामाचा, जिन्याचा, भांडणाचा हिशेब करावा लागत नाही. पण पट्टा सैल असला तर कातडीवरून हिरवा प्रकाश नीट परतत नाही आणि नाडी भलतीच उमटते. भांडी घासताना घड्याळ काढतात, मग ते फळीवरच राहतं. चार्जिंग हा वेगळाच विषय.

प्रयोगाचा दुसरा गट म्हणजे लेप न दिलेली घरं. दोन्हींकडे तीच मोजणी, वर्षभर. इथे एक गोष्ट लपवता येत नाही. औषधाच्या गोळ्यांच्या चाचणीत खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला, हे झाकता येतं. छप्पर कसं झाकणार? आपलं छप्पर पांढरं आहे हे घरमालकाला माहीत असतं, आणि शेजाऱ्यालाही. शेजाऱ्याने दिवाळीत स्वतःच चुना मारला तर तुलनेतलं एक घर बाद. भर दुपारी बिनलेपाच्या घरातली म्हातारी लेपाच्या घरात जाऊन पडली तर लॉगर एका घराचा आणि नाडी दुसऱ्या घराची. भिंतीही सामाईक, पांढऱ्या छपराखालच्या खोलीला शेजारच्या तापल्या खोलीची भिंत असते. शेजाऱ्याचा चुना, म्हातारीचं घर बदलणं, सामाईक भिंत : हे घोटाळे फरक कमी दाखवण्याकडे ओढतात, वाढवून नव्हे.

[दृश्य : संध्याकाळ. गल्लीत खाटा.]

पत्र्याची एक बाजू न्यायाने सांगायला हवी. रात्री तो लवकर निवतो. दिवसभर ऊन प्यालेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, पत्र्यात साठवायला जाडीच नसते. म्हणजे पत्र्याच्या घराचा काळ दुपारचा. त्या वेळी घरात असतात बायका, तान्ही मुलं, आजारी माणसं आणि शिवणकाम किंवा पॅकिंग घरी आणून करणारे.

बुर्किना फासोतले सुरुवातीचे निकाल आले आहेत. दोन वर्षांत पत्रा आणि मातीच्या छपरांच्या घरांत आतलं तापमान १.२ अंशांपर्यंत उतरलं, नुसत्या पत्र्याच्या घरांत १.७. रहिवाशांच्या हृदयाचे ठोकेही कमी झाले. पांढऱ्या छपराबद्दल दोन ते पाच अंशांचे आकडे सर्रास छापले जातात. त्या मानाने १.७ लहान वाटेल. पण हा आकडा माणसं राहत असलेल्या, चूल पेटणाऱ्या, दार सताड उघड्या घरांचा आहे, म्हणून आम्ही त्याच्यावर जास्त विश्वास ठेवू.

[दृश्य : रंगवलेलं छप्पर, काही महिन्यांनी. बोट फिरतं, पांढरी रेघ उमटते.]

ही धूळ. अहमदाबादला ती भरपूर. रेघेच्या आतला पांढरा आणि बाहेरचा मातकट, यातला फरक म्हणजे वाया गेलेलं परावर्तन. पाऊस बरीच धुऊन नेतो, पण छप्पर लागतं पावसाच्या आधी, मार्च ते जून. म्हणजे होळीच्या सुमाराला एकदा झाडू आणि दोन बादल्या पाणी. टायर परत वर ठेवायचे ते बोल्टांच्या रांगेवर, खाली गोणपाट घालून, नाहीतर काळं रबर लेपावर डाग सोडतं. आणि पाणी नळाला येतं तेव्हा आधी पिण्याचं भरतात, मग धुण्याचं. छपराच्या दोन बादल्या त्यानंतर.