शिऱ्यातली चिलटं

श्रोतेहो, नमस्कार. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं आज जरा निरखून बघा. लाल डोळ्यांचं ते बारकं चिलट म्हणजे ड्रॉसोफिला. शेतकरी जिला फळमाशी म्हणतात, ती वेगळी.

एम.एस्सी.ला मला चिलटं पाळायची होती. त्यांचं खाद्य रवा, गूळ, पाणी आणि घट्ट बसायला अगर-अगर. म्हणजे शिराच की हो! गूळ मार्केट यार्डातला, चांगला काळपट. पिवळाधमक गूळ मी अजूनही घेत नाही. रंगच बघायचा असेल तर गुजरीत जाऊन सोनं घ्यावं. तर पातेलं निवायला ठेवून मी बाटल्या उकळायला गेलो. परत येतोय तर आजी पदराला हात पुसत उभी. "लेका, तूप घालायचं इसरलास की. म्या घातलं. येलदोडंबी घातलं." चमचाभर नाही, चांगलं पळीभर तूप! गूळ संपलेला. तसंच बाटल्यांत ओतलं, वर चिलटं सोडली. सकाळी बघतो तर सगळी तुपात चिकटून गार. सरांनी बाटलीचा बोळा काढून वास घेतला, म्हणाले, "वेलदोडा?" मी गप्प. आजी मात्र वर्षभर विचारायची, "चिलटास्नी शिरा आवडला न्हवं?"

तर मुद्दा. चिलटात 'आयलेस' नावाचा जनुक आहे. तो बिघडला की डोळेच होत नाहीत. त्याचाच भाऊबंद आपल्यात आणि उंदरातही आहे, पॅक्स-६. तो बिघडला की बाळाच्या डोळ्यातला रंगीत पडदा नीट तयार होत नाही. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेनं उंदराचा पॅक्स-६ चिलटाच्या अंगात भलत्याच जागी चालू केला. पायावर डोळे उगवले, पंखावर उगवले. आणि नीट ऐका, जनुक उंदराचा, पण डोळे चिलटाचेच. उंदराचे नव्हेत, चिलटाचेच. गुऱ्हाळावर रस आटवणारा गुळव्या काहील "उतरा" म्हणतो तसं, जनुक नुसती हाक देतो. गुळव्या परगावचा असला तरी गूळ निघतो तो त्या काहिलीतल्या रसाचाच. आपली आणि चिलटाची वाट ५० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी फुटली, तरी ही हाक दोघांकडे आहे.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग माझ्या मोतीबिंदूला त्येच्यातनं काय औषध निघतंय का बघ."

नाही निघालं. ऑपरेशनच करावं लागलं.