लक पुन्हा स्टॅनफर्डला

[दृश्य: इंडियानापोलिस, रात्रीचं स्टेडियम]

२४ ऑगस्ट २०१९. हंगामाआधीचा सराव सामना चालू आहे. अमेरिकन फुटबॉलमधला इथला संघ कोल्ट्स, त्याचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक आज खेळत नाही, सीमारेषेशी उभा आहे. सामना संपायच्या आतच बातमी फुटते: लक निवृत्त होतोय. वय अवघं २९. तो आत जायला निघतो आणि त्याच्याच संघाचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, तेवढ्यात सव्वाशे किलोचे गडी अंगावर धावून येतात. लकच्या बरगड्या, खांदा, मूत्रपिंडसुद्धा यातून सुटलं नाही. २०१७ चा अख्खा हंगाम गेला. दुखापत, उपचार, पुन्हा दुखापत, या रहाटगाडग्यात खेळातला आनंदच संपला, असं त्याने त्या रात्री सांगितलं.

[दृश्य: स्टॅनफर्डचा परिसर, सायकली, विद्यार्थी]

मग तो कुठे गेला? परत कॉलेजात. कॅलिफोर्नियातल्या याच स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. याच कॉलेजसाठी २०११ मध्ये त्याने एनएफएलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगला, वर्षभर थांबवलं होतं. लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्या क्रमांकावर उचलणार असं बोललं जात होतं, पण हा म्हणाला, आधी पदवी पुरी करतो.

३० नोव्हेंबर २०२४ ला स्टॅनफर्डने त्याला फुटबॉलचा जनरल मॅनेजर नेमलं. संघ सलग चार हंगाम ३ विजय आणि ९ पराभवांवर अडकलेला. प्रशिक्षक, खेळाडूंची भरती, देणगीदार, पैसा, सगळं त्याच्या टेबलावर आलं. हा कारभार त्याने घरात पाहिलेला होता. वडील ऑलिव्हर लक हेही क्वार्टरबॅक, आणि पुढे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे क्रीडा संचालक.

मार्च २०२५ मध्ये त्याने मुख्य प्रशिक्षकाला हटवलं आणि कोल्ट्समधले आपले जुने प्रशिक्षक फ्रँक राइक यांना एका हंगामासाठी बोलावलं. जूनमध्ये न्यायालयाने एका तडजोडीला मंजुरी दिली आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. लक खेळायचा तेव्हा खेळाडूच्या हाती पडायची ती शिष्यवृत्ती. पदवीसाठी एनएफएलचे कोट्यवधी लांबवणारा हा माणूस आता विशीतल्या पोरांना किती द्यायचे याचा हिशेब मांडतो. मला विचाराल तर या गोष्टीतलं नाट्य निवृत्तीच्या रात्रीपेक्षा इथे जास्त आहे.

[दृश्य: रिकामं मैदान, पांढऱ्या रेषा]

२०२५ चा हंगाम ४ विजय, ८ पराभव. एकाची भर. त्या चारांत एक विजय पारंपरिक वैऱ्यावर, म्हणजे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठावर.

नंतर कायमचा प्रशिक्षक शोधायची वेळ आली. लकने तविता प्रिचर्डला बोलावलं. प्रिचर्डही स्टॅनफर्डचाच क्वार्टरबॅक. २००९ मध्ये एका नवख्या पोराने त्याची जागा घेतली आणि त्याला बाकावर बसावं लागलं.

तो पोरगा म्हणजे अँड्र्यू लक.