पाणउतारा करून घ्यायला तिकीट काढणारे लोक

मंडळी, अमेरिकन विनोदवीर डॉन रिकल्सचं नाव निघालं की ‘तोंडाला येईल ते बोलणारा माणूस’ म्हणून लोक मोकळे होतात. तोंडाला येईल ते बोलून अर्धं शतक कुणाचं पोट भरत नाही. त्याच्या फटकळपणाला हिशेब होता.

जन्म 1926 चा, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा. महायुद्धात नौदलात, मग नाट्यशिक्षण. नटाची कामं मिळेनात म्हणून क्लबांत विनोद सांगू लागला. पाठ केलेले विनोद पडायचे. मधेच ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला सुनावलं की मात्र हशा. मग त्याने पाठांतर सोडलं आणि सुनावणंच ठेवलं. या वाटेवर जॅक ई. लिओनार्ड त्याच्या आधीपासून होता. रिकल्स माझंच दुकान चालवतो, असं लिओनार्ड गमतीने म्हणायचा.

1957 च्या सुमारास क्लबात फ्रँक सिनात्रा आला. मोठा गायक, आणि हातघाईवर येण्याबद्दलही प्रसिद्ध. रिकल्स म्हणाला, “ये फ्रँक, घरचंच समज. हाण एखाद्याला!” या वाक्याची बांधणी बघा. आधी अगत्य, मग थप्पड, आणि थप्पड शेवटी. उलट केलं असतं तर नुसतं भांडण झालं असतं. सिनात्रा हसला, आणि बड्या लोकांची रीघ लागली. 1959 पासून लास व्हेगासच्या सहारा हॉटेलच्या लाउंजमध्ये रात्री उशिराचे प्रयोग. लाउंजमध्ये लोक सतत येत-जात असतात. उशिरा आलेला माणूस म्हणजे आयतं सावज.

पद्धत अशी. पुढच्या टेबलावरचा चेहरा, कोट, शेजारची बायको बघायची. एक अंदाज, दोन वाक्यं, की पुढचं टेबल. एकाच माणसापाशी रेंगाळलं की सभागृह त्याची बाजू घेतं. शिवाय पंगतीत कुणाला वगळायचं नाही: इटालियन, आयरिश, कृष्णवर्णीय, आणि स्वतः ज्यू म्हणून आपलेही लोक. त्याची लाडकी शिवी ‘हॉकी पक’, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतली रबरी चकती. अर्थ काहीच नाही, नुसता ठोका! शेवटी आवाज खाली आणून, हे सगळं गमतीत होतं, असं सांगायचा. नक्कल करणारे नेमकं हेच गाळतात, आणि मग उरतो तो उद्धटपणा. 1968 ची ‘हॅलो, डमी!’ ही ध्वनिमुद्रिका आज ऐकताना वांशिक टोमणे बोचतात ते काळ बदलला म्हणून. पण ज्याला टोमणा बसला तो हसतोय, हे दिसत नाही म्हणूनही.

1965 मध्ये तो जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’त, म्हणजे टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात, पहिल्यांदा आला, पुढे शंभराहून जास्त वेळा. 1976 च्या डिसेंबरात कार्सन रजेवर असताना रिकल्सने त्याच्या टेबलावरची लाकडी सिगारेटपेटी आपटून फोडली. दुसऱ्या रात्री कार्सन ती मोडकी पेटी उचलून, कॅमेरे मागे घेऊन, थेट शेजारच्या स्टुडिओत शिरला. तिथे रिकल्सच्या नौदलावरच्या मालिकेचं चित्रीकरण चालू होतं. कार्सनने सगळ्यांदेखत त्याची झाडाझडती घेतली, आणि जगाला सुनावणारा तो माणूस नौदलाच्या गणवेशात, चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा.